आक्काच्या होडीचं झाकण

आक्का,

तुझ्या तेराव्याला लोक तुझ्याबद्दल चांगलंच बोलले. कुणी म्हणालं, फार कष्टाळू होती. कुणी म्हणालं, नवरा गेल्यावर एकटीनं संसार रेटला. कुणी तुझ्या हाताच्या चवीची आठवण काढली. त्यात खोटं काहीच नव्हतं. पण मी मांडवाच्या खांबाला टेकून ऐकत होतो आणि मला सारखं वाटत होतं, ही माणसं दुसऱ्याच कुणा बाईबद्दल बोलताहेत.

कारण मी तुला पाहिलंय. माजलगावच्या धरणाच्या मधोमध, वळवाच्या वाऱ्यात, होडीच्या उघड्या तोंडावर पालथी पडून पाठीवर लाटा घेताना पाहिलंय. ते आपण तिघांनीच पाहिलं. तू, मी आणि तुझी जोडीदारीण शेवंता. तू ते कुणाला सांगितलं नाहीस. शेवंता मुळातच कमी बोलते. राहिलो मी, आणि मी दोन वर्षं गप्प बसलो, कारण ते सांगायचं तर आधी माझी चूक सांगावी लागते.

आता तू नाहीस, तर सांगून टाकतो.

आपण तलवाड्याचे सुतार. आपल्या घरात लाकडाचं आणि पाण्याचं कधी जमलं नाही. आण्णा म्हणायचे, लाकूड ओलीपासून जपलं की निम्मी सुतारकी झाली. मी तेच शिकलो. दारं, चौकटी, खिडक्या, देव्हारे. चकलांब्यापर्यंतची माणसं लग्नाच्या आधी नवं दार करायला माझ्याकडं येतात. आणि तू, त्याच घरात वाढलेली, आण्णांच्या रंध्याखालच्या सालपटांत खेळलेली, उतारवयापर्यंत पाण्यावर जगलीस.

दाजींनी ती होडी आणली तो दिवस मला आठवतो. दहा-बारा वर्षं कोकणात मासेमारीच्या होड्यांवर राबले आणि गावी परत येताना एक जुनी होडी ट्रकवर घालून आणली. अख्खं गाव ट्रकभोवती जमलं. धरणावर तोवर सगळ्या उघड्या, उथळ होड्या होत्या. ही वीस फुटी, पुढचा तिसरा हिस्सा वरून फळ्यांनी झाकलेला. त्या फळ्यांच्या मध्ये अडीच फुटांचं चौकोनी तोंड, खाली मासे आणि बर्फ ठेवायचा कप्पा, आणि तोंडावर जाडजूड झाकण. म्हातारे म्हणाले, "दुष्काळी मुलखात जहाज आणलंय बे ह्यानं!" दाजी नुसते हसले. तूही हसलीस. तेव्हा तुला वल्हं कुठल्या बाजूनं धरायचं तेही माहीत नव्हतं.

दाजी गेले आणि लोकांना वाटलं, होडी आता काठावर पडून सरपण होणार. तू दिवसकार्य झाल्यावर तिसऱ्या आठवड्यात ती पाण्यात लोटलीस. शेजारची शेवंता जोडीला घेतलीस. तिच्या माहेरी पिढ्यान्‌पिढ्या मासे धरत आलेले. तिनं तुला जाळं शिकवलं. पोहायला तर तू लहानपणीच शिकली होतीस, आण्णांनी पाठीला वाळका भोपळा बांधून विहिरीत ढकलल्यावर. मला ढकललं तेव्हा मी इतका रडलो की त्यांनी मला वर काढलं आणि पुन्हा कधी ढकललं नाही.

आता ते लग्नाचं. ते टाळता येत नाही.

माझ्या मुलीच्या लग्नात तू हिरवं लुगडं नेसून आली होतीस. व्याह्यांकडचे एक वडीलधारे गृहस्थ तुझ्याकडं बघून मला म्हणाले, "ह्या आपल्या भगिनी का? काय असतं त्यांचं?" तू हातभर अंतरावर उभी होतीस. मी म्हणालो, "शेती हाय त्यांची."

तुझी शेती नव्हती. होती ती सगळी धरणात गेली होती. तू माझ्याकडं बघितलंस, फार वेळ नाही. मग पंगतीत बसून पोटभर जेवलीस, पोरीच्या तोंडावरून हात फिरवलास, आणि निघून गेलीस. चार वर्षं तुझा फोन आला नाही. मीही केला नाही. मला वाटायचं, तू रागावलीयस, तू आधी करशील. आणि कुणी विचारलंच तर मी पुन्हा म्हणायचो, आक्काची शेती हाय.

चार वर्षांनी फोन आला तेव्हा तू ख्यालीखुशालीही विचारली नाहीस.

"सुदाम्या, होडीचं झाकण सडलंय. येऊन बसव."

मी म्हणालो, "आक्का, मी दारं करतो. होडीतलं मला काय कळतंय?"

"लाकूड हाय की न्हाई ते? मग ये."

मी आलो. तू काठावर बाभळीखाली जाळं शिवत बसली होतीस. उठली नाहीस, नुसता अंगठा होडीकडं केलास. मी वर चढून बघितलं. दाजींच्या वेळचं ते झाकण, कोकणातल्या ऐनाच्या लाकडाचं. चारही कोपरे चिंध्यांसारखे झालेले, मध्ये उभी चीर, चिरेवर पत्र्याचा तुकडा ठोकलेला. वरून तू ताडपत्री बांधून भागवत होतीस. तोंडाभोवती चार बोटं उंच कड होती, तीही एका बाजूनं भुसभुशीत झालेली. मी स्क्रूड्रायव्हर टोचला तर दांड्यापर्यंत आत गेला.

मला वाटलं, ह्यात काय, हे तर आडवं पडलेलं दार.

तिथंच मी चुकलो. चुकलो तेही नीट मापं घेऊन.

मी ती उंच कड कापूनच काढली. म्हणालो, ह्या कडेला उगाच पाय अडखळतो. तोंडाच्या चौकटीत आतून खाच पाडली, म्हणजे झाकण वर न येता फळ्यांच्या बरोबरीनं, सपाट बसेल. नवं सागवान आणलं. पाच फळ्या खोबणी करून एकमेकींत बसवल्या. पितळी बिजागऱ्या लावल्या, उचलायला पितळी कडी. अशा झाकणावर मांडी घालून जेवावं, इतकं गुळगुळीत केलं. शेवंता कडेला उभी राहून बघत होती. तू जाळं बाजूला ठेवून आलीस, झाकण बसवताना बघितलंस, आणि म्हणालीस, "एक बोट सैल ठिव."

मी हसलो. "आक्का, दार एक बोट सैल ठेवलं तर लोक मला मिस्तरी म्हणतील का?"

"दार न्हाई हाय ते, सुदाम्या."

"तू मासे धर. लाकडाचं मला बघू दे."

तू एक पाऊल मागं सरलीस. झाकण खाचेत असं बसलं की फटीत कागद जाईना. मी तुझ्याकडं वळून बघितलं, शाबासकीसाठी. पन्नाशी उलटलेला माणूस मी, पण बघितलं. तू झाकणावरून तळहात फिरवलास आणि म्हणालीस, "लई देखणं झालंय." ते तू खरंच म्हणालीस. आणि तुझ्या आवाजात कसलीच कुचेष्टा नव्हती.

तीन आठवड्यांनी मी पुन्हा आलो. माझं काम पाण्यावर बघायची हौस होती. तू आणि शेवंता काठाकाठानं जाळी टाकत होतात. मला होडीत घेतलंत. मी बसल्या फळीला घट्ट धरून होतो. भीती लपवायला मी जास्तच मोठ्यानं बोलत होतो. म्हणालो, "काठाला काय चिकटून राहिलात? मधी घ्या की. बघू तरी एवढं पाणी."

तू मावळतीकडं बघितलंस. "आज वारं बरं न्हाई."

"भ्यायलीस का?" मी म्हणालो. पोहता न येणारा मी, तुला म्हणालो.

तू शेवंताकडं बघितलंस. शेवंतानं खांदे उडवले. "दोन जाळी मधी हायतच," तू म्हणालीस. "ती उचलू आणि लगीच माघारी फिरू."

मधलं पाणी मी आयुष्यात पहिल्यांदा बघितलं. आपल्या बीडच्या माणसाला एवढं पाणी बघायची डोळ्यांना सवयच नसते. आपण हंडा बघितलेला, हौद बघितलेला, फार तर विहीर. तिथं चारी बाजूंनी पाणी आणि काठ म्हणजे नुसती एक मातकट रेघ. मी बोलायचा थांबलो. तू वल्हं मारता मारता सांगत होतीस, इथं खाली पूर्वी कुणाचा मळा होता, इथं चिंचेचं झाड बुडालंय म्हणून जाळं अडकतं, इथं थंड पाणी वर येतं म्हणून मासा उन्हाळ्यात इथंच बसतो. वरून सगळीकडं सारखंच दिसणारं पाणी, आणि तुला त्याच्या खालच्या वाटा माहीत होत्या. मला तेव्हाच काहीतरी म्हणावंसं वाटलं होतं. पहिलं जाळं निम्मं वर आलं होतं, इतक्यात मावळत तांबडी झाली.

वारा आला तो आवाज करतच आला. आधी धूळ, पाण्यावर धूळ, मग लाटा. धरणाला एवढ्या लाटा येतात हे मला कुणी सांगितलं असतं तर मी त्याला वेड्यात काढलं असतं. तू जाळं सोडून दिलंस, तसंच, माशांसकट. "तोंड वाऱ्याकडं!" एवढंच म्हणालीस. तू डावं वल्हं धरलंस, शेवंतानं उजवं. पहिली लाट होडीच्या नाकावर चढली आणि माझ्या गुळगुळीत झाकणावरून वाहत आपल्या पायांपर्यंत आली. दुसरी तशीच. कड असती तर ती लाट तिथंच अडली असती. कड मी कापून टाकली होती. पाणी माझ्या खाचेत साचत होतं आणि बिजागऱ्यांजवळून खाली कप्प्यात जात होतं. पाच-सात लाटांनंतर होडीचं नाक उठेनासं झालं.

"सुदाम्या, झाकण उघड! पाणी उपस!" तू ओरडलीस.

मी रांगत पुढं गेलो. कडी धरून ओढली. झाकण हललं नाही. दोन्ही पाय रोवून ओढली. सागवान तीन आठवडे पाण्यात फुगलं होतं आणि आपल्या खाचेत असं बसलं होतं की जणू ते लाकूड तिथंच उगवलं असावं. तिसऱ्या वेळी कडी स्क्रूसकट माझ्या हातात आली. मी ती कडी हातात घेऊन मागं तुझ्याकडं बघितलं. माझं तोंड कसं झालं असेल ते तुलाच माहीत.

तू मला शिवी दिली नाहीस. तू म्हणालीस, "मागं ये. वल्हं धर."

"मला येत न्हाई आक्का!"

"मी सांगते तसं मार. ये."

तू माझ्या हातात वल्हं दिलंस, फळीखाली हात घातलास आणि कुऱ्हाड काढलीस. मग गुडघ्यांवर पुढं सरकलीस. लुगड्याचा काचा मारलेला, पदर कमरेला, एकसष्ट वर्षांची तू. होडी वर गेली की थांबायचीस, खाली आली की घाव घालायचीस. पहिला घाव बिजागरीवर. दुसरा दुसऱ्या बिजागरीवर. तिसरा बरोबर फळ्यांच्या जोडावर, जिथं खोबणी होती. आण्णांच्या घरात वाढलेली होतीस, लाकूड कुठं फुटतं ते तुला माझ्याइतकंच माहीत होतं. पाच-सहा घावांत झाकण फुटलं. तुकडे तू उपटून पाण्यात फेकलेस आणि बादलीनं कप्पा उपसायला लागलीस. उपसता उपसता मला ओरडून सांगत होतीस, "मार... थांब... आता मार, सुदाम्या!" तू कप्प्यात वाकलेली होतीस. लाट तुला दिसत नव्हती, गुडघ्यांना कळत होती.

नाक वर आलं. पण आता तोंड उघडं पडलं होतं. पुढची मोठी लाट आली तर बादल्यांनी उपसलेलं सगळं एका झटक्यात परत भरलं असतं. तू ताडपत्री ओढलीस, तोंडावर टाकलीस, वाऱ्यानं ती फडफडून उडाली. पुन्हा टाकलीस आणि ह्या खेपेला तिच्यावर तू स्वतः पालथी पडलीस. दोन्ही हातांनी पलीकडची चौकट धरलीस, पायाचे अंगठे अलीकडं रोवलेस. लाट आली आणि तू दिसेनाशी झालीस. पाणी ओसरलं, तू तिथंच होतीस. मान वर करून म्हणालीस, "मार!"

किती वेळ गेला मला सांगता येणार नाही. शेवंता म्हणते, अर्धा तास. मी मोजत नव्हतो. मी फक्त बघत होतो. प्रत्येक लाटेनंतर वाटायचं, आता ती जागा रिकामी दिसणार. प्रत्येक लाटेनंतर पाण्यातून तुझं डोकं वर यायचं, केस सुटलेले, आणि आवाज यायचा. आक्का, मी देवळात गेलोय, जत्रेत गेलोय, भले मोठे कळस चढताना बघितलेत. हात आपोआप जोडले जावेत असं मला आयुष्यात एकदाच वाटलं आणि तेव्हा माझ्या हातात वल्हं होतं.

वारा आला तसाच गेला. काठाला लागल्यावर तू खाली उतरलीस, पदर पिळलास आणि म्हणालीस, "शेवंते, चहा टाक गं." तुझ्या छातीवर, कोपरांवर चौकटीच्या कडेचे व्रण उठले होते. मी ओल्या मातीत बसून रडलो. तू माझ्या शेजारी बसलीस. मग म्हणालीस, "आता परत कर. आन् ह्या बारीला माझं ऐक."

पंधरा दिवस मी तुझ्याकडं राहिलो. तलवाड्याचं दुकान बंद ठेवून. तू शिकवलंस आणि मी, तीस वर्षं सुतारकी केलेला मिस्तरी, शिकलो. तू म्हणालीस, जुनी बाभूळ घे, सागवानाचा तोरा इथं नको. फळ्या कापून झाल्यावर तू त्या दोरानं बांधून, वर धोंडा ठेवून, आठ दिवस पाण्यात बुडवून ठेवल्यास. मला ते बघवत नव्हतं. आण्णा असते तर त्यांनी आपल्याला दोघांनाही झोडलं असतं. "फुगायचं ते आधीच फुगू दे," तू म्हणालीस. "मग माप घे."

मी टेप काढला. तू वितीनं मोजलंस. दोन्हींत सुताचा फरक आला नाही.

कड परत उभी केली, पूर्वीपेक्षा एक बोट उंच. झाकण तिच्या आत नाही, तिच्यावरून बाहेर उतरेल असं केलं, पत्र्याच्या डब्याचं असतं तसं. चारी बाजूंनी एक बोट सैल. बिजागऱ्या नाहीत. दोन बाजूंना दोराचे फास, अडकवून ठेवायला लाकडी पाचरा. वरून करंजाचं तेल, तीन हात. मला ते ओबडधोबड वाटत होतं आणि मी तसं म्हणालोही. तू म्हणालीस, "पाण्याला देखणं कळत न्हाई, सुदाम्या. त्याला वाट दिसली की ते येतं. त्याला वर चढायला लाव, मग बघ, दमतं." मी ते ऐकून हातातला हातोडा खाली ठेवला होता, आठवतं का? एवढी वर्षं लाकडाशी बोललो, पण लाकडाकडं पाण्याच्या बाजूनं कधी बघितलंच नव्हतं.

शेवटची पाचर बसवायची होती तेव्हा मी धीर केला. म्हणालो, "आक्का, त्या लग्नात मी..."

"पाचर दे," तू म्हणालीस.

मी पाचर दिली. तू ती ठोकून बसवलीस. झाकण हलवून बघितलंस, काढून बघितलंस, पुन्हा बसवलंस. आणि मला तोंडभर हसून म्हणालीस, "झालं की."

तुझं ते "झालं की" झाकणाबद्दल होतं की माझ्याबद्दल, हे मी तुला विचारायला हवं होतं. त्यानंतर दोन वर्षं मी दर महिन्याला आलो. होडीत बसलो. जाळं ओढायला शिकलो, वाईट पण शिकलो. तू मला पोहायला शिकवायचीही धमकी दिलीस. पण ते वाक्य मी पुरं केलं नाही. तू ते पुरं करू दिलं नाहीस, असं म्हणून मी स्वतःला समजावत आलो. तसं नाही. मला दुसऱ्यांदा बोलायचा धीर झाला नाही एवढंच. आता बोलतो. आक्का, त्या लग्नात मी तुझी लाज धरली. माझ्या घराण्यात तुझ्याएवढं मोठं माणूस झालं नाही आणि मी तुझी लाज धरली. मला माफ कर.

एक भांडण मात्र आपलं तसंच राहिलं. मी तुला विचारायचो, "अडकणार हे तुला ठाऊक होतं का?" तू म्हणायचीस, "मला काय ठाऊक, मी अडाणी." मी म्हणायचो, "मग होडीत कुऱ्हाड कशी होती?" तू म्हणायचीस, "होडीत कुऱ्हाड नसती व्हय? काय बी इचारतोस." आणि विषय बदलायचीस. मी चिडायचो. मला वाटायचं, ठाऊक असून तू गप्प बसलीस, तर ते चूक होतं. जिवाशी खेळ होता तो, तुझ्या, माझ्या आणि शेवंताच्याही.

तेराव्यानंतर माणसं पांगली आणि मी बाभळीखाली शेवंताजवळ जाऊन बसलो. तुझं शेवटचं निम्मं शिवलेलं जाळं तिच्या मांडीवर होतं. तू ते शिवता शिवताच बाभळीच्या बुंध्याला मान टेकलीस आणि गेलीस, हे तिनंच मला फोनवर सांगितलं होतं. मी तिला विचारलं, "शेवंता, होडीत कुऱ्हाड कायमच असायची का?"

"न्हाई," ती म्हणाली. "तुमी झाकण बसवून गेलात, त्याच दिशी ठिवली तिनं."

म्हणजे ठाऊक होतं. मला राग आला, आक्का. मेलेल्या माणसाचा राग आला. मी म्हणालो, "मग मला सांगितलं कावून न्हाई?"

शेवंतानं सुई थांबवली. "सांगितलंतं की. एक बोट सैल ठिव म्हणली ती. मी होते तिथं. तुमी ऐकलं न्हाई."

मग तीच पुढं म्हणाली, "तुमी गेल्यावर मी तिला म्हणले, उचकटून टाकू हे. तर म्हणली, चार वर्सांनी आलाय माझा भाऊ. त्याच्या हातचं मी कशी उचकटू? त्याचं त्यालाच कळू दे, तवर आपण काठ सोडायचा न्हाई. तीन हप्ते आमी काठ सोडला न्हाई. मासा निम्मा बी घावत न्हवता, घावला तेवढा पाटीतच ठिवायचो, झाकणाला हात लावला न्हाई."

"मग त्या दिवशी मधी कशी आली?"

शेवंतानं माझ्याकडं बघितलं. "भ्यायलीस का?" असं विचारणारा मीच होतो.

कुऱ्हाडीचे सहा घाव मी जन्मभर विसरणार नाही असं मला वाटायचं. आता मला त्या तीन आठवड्यांचंच जास्त नवल वाटतं. रोज सकाळी ते झाकण बघायचं, ते दगा देणार हे माहीत असायचं, आणि तरी भावाचं मन दुखावू नये म्हणून काठाकाठानं निम्म्या माशांवर पोट भरायचं. वादळात धैर्य तर दाखवावंच लागतं, दुसरा मार्गच नसतो. हे दुसरं कुणी तुझ्याकडं मागितलं नव्हतं. माझ्यात ते नाही. आण्णांच्यातही नव्हतं. तुझ्यात कुठून आलं, मला खरंच कळत नाही.

एक गोष्ट सांगायची राहिली. सांगायला थोडी ओशाळवाणी आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी होडीवर चढलो, पाचरा काढल्या आणि झाकण सोडवून घेतलं. मनात होतं, हे तलवाड्याला न्यायचं. दुकानात, आण्णांच्या रंध्याशेजारी भिंतीला लावायचं. तुझा हात त्याच्यावर फिरलेला, तुझी वीत त्याच्यात. मी ते खांद्यावर घेऊन काठावर उतरलो तर शेवंता वाटेत उभी.

"कुठं चालवलंत?"

"घरी नेतो. आक्काची आठवण म्हणून."

"आन् होडी कशानं झाकू मी?"

"तुला दुसरं करून देतो ना."

"तवर?" ती म्हणाली. "आज जाळी टाकायची हायत मला. तेरा दिस झाले, पाण्यात गेले न्हाई. होडी मलाच देऊन गेलीय ती, तुमाला ठावं हाय. ठिवा ते हितं."

एवढ्या ठामपणे बोलताना मी शेवंताला पहिल्यांदा ऐकलं. आणि मला जाणवलं की तू असतीस तर अगदी हेच, ह्याच आवाजात म्हणाली असतीस. भिंतीवर टांगलेलं झाकण बघून तू मला आधी हसली असतीस आणि मग विचारलं असतंस, खाली काय झाकलंय?

मी झाकण परत नेलं. कडेवर उतरवलं. चारी बाजूंनी बोट फिरवून बघितलं, एक बोट जागा अजून तशीच होती. पाचरा ठोकल्या. शेवंतानं वल्ही आत टाकली. तिच्याबरोबर तिची सून होती, कमरेला पदर खोचलेली, पहिल्यांदाच मधल्या पाण्यात निघालेली, डोळे भिरभिरणारे. मी दोघींना होडी लोटायला हात लावला. गार पाण्यात मांड्यांपर्यंत गेलो, तेव्हा भीती वाटली नाही.

होडी तरंगल्यावर शेवंता वळून म्हणाली, "बुडाच्या दोन फळ्या बी मऊ झाल्यात. उन्हाळ्यात वर वढली की बदलायला लागतील. येताल ना तुमी?"

"येतो," मी म्हणालो.

मग त्या गेल्या. मी तिथंच पाण्यात उभा राहून होडी लहान होत जाताना बघत राहिलो. काठाकाठानं नाही गेल्या त्या. सरळ मधल्या पाण्याकडं गेल्या.